भारतात दीड टक्का, अमेरिकेत पावणेतीन... मग रसायनीच्या काकांची पिशवी हलकी का?

१२ ऑगस्ट २०२५. जुलै महिन्याचे महागाईचे आकडे भारतात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे याच दिवशी जाहीर झाले. भारतात किरकोळ महागाईचा दर १.५५ टक्के, म्हणजे जून २०१७ नंतरचा सर्वात कमी. अमेरिकेत २.७ टक्के. डेस्कवर बातमी लावून मी घरी रसायनीला पोहोचले, तेवढ्यात शेजारच्या काकांनी हाक मारली. मोबाइलवर न्यू जर्सीहून त्यांची मुलगी होती, आमची ताई.

"अगं, तू इंजिनीअर ना? मग सांग. ही म्हणते, बाबा, आता तुमच्याकडे आमच्यापेक्षा कमी महागाई आहे. बातमीतही तेच. मग मोहोपाड्याच्या बाजारातून येताना माझी पिशवी हलकी आणि खिसा रिकामा का?"

काका वसाहतीतल्या एका कारखान्यातून २०१४ मध्ये निवृत्त झाले. ताई तेव्हापासून दरमहा २०० डॉलर पाठवते. रक्कम तेव्हा ठरली, ती आजही तीच. म्हणून काकांचा प्रश्न नुसता कुतूहलाचा नव्हता. त्यात घरखर्चाचा हिशेब होता. आणि ज्यांचं कुणी ना कुणी परदेशात आहे, अशा अनेक घरांचा हा प्रश्न आहे. चला, एकेक गाठ सोडवू.

१. दर कमी झाला म्हणजे भाव उतरले का?

नाही. खालापूर टोलनाक्यापुढे एक्स्प्रेसवेवर गाडीचा वेग १०० वरून ४० वर आला, तर गाडी मागे जात नाही. ती पुढेच जाते, फक्त सावकाश. महागाईचा दर हा वेग आहे. आपण दुकानात देतो ती किंमत म्हणजे कापलेलं एकूण अंतर. जुलैमध्ये १.५५ टक्के याचा अर्थ इतकाच की, सरासरी टोपली जुलै २०२४ मध्ये १०० रुपयांना होती, ती आता १०१ रुपये ५५ पैशांना आहे. त्याआधीच्या दहा वर्षांत ती किती वाढली, ते या आकड्यात दिसत नाही.

दुसरी गोष्ट, हा दर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात. त्यामुळे मागचं वर्ष कसं होतं यावर बरंच अवलंबून असतं. जुलै २०२३ आठवा. टोमॅटो वर्षभरात २०० टक्क्यांहून जास्त महागला होता आणि महागाईचा दर ७.४४ टक्क्यांवर गेला होता. पुढच्या जुलैत दर साडेतीन टक्क्यांच्या आसपास आला. लगेच सगळं स्वस्त झालं असं नाही. तुलनाच मुळात फुगलेल्या आकड्याशी होती. समजा, ४० रुपयांचा टोमॅटो १२० झाला आणि नंतर ६० वर आला. कागदावर ५० टक्के घसरण. पण मूळ ४० च्या तुलनेत तो अजून दीडपट महागच आहे.

या जुलैतही असंच झालं. भाज्या वर्षभरापूर्वीपेक्षा साधारण एक पंचमांशाने खाली होत्या, डाळीही उतरल्या होत्या. पण तेल-तुपाचा गट जवळपास तेवढाच वर होता. दोन्हींची सरासरी निघाली दीड टक्का. काकांच्या घरी भाजी अंगणातली आणि तेलाचा डबा दुकानातला. मग त्यांना दीड टक्का कुठून दिसणार?

२. दोघांची टोपली एकच आहे का?

इथे दोन देशांच्या तुलनेतली पहिली मोठी अडचण येते. ग्राहक किंमत निर्देशांक म्हणजे सरासरी कुटुंबाच्या खर्चाची एक ठरावीक टोपली आणि तिची दर महिन्याची किंमत. पण भारतीय कुटुंब आणि अमेरिकी कुटुंब पैसे वेगवेगळ्या गोष्टींवर खर्च करतात.

आपल्याकडे रिझर्व्ह बँक ज्या निर्देशांकाकडे पाहते, त्याच्या २०२५ मध्ये वापरात असलेल्या २०१२ आधारवर्षाच्या मालिकेत अन्न आणि पेयांचा वाटा ४५.८६ टक्के होता. अमेरिकेत अन्नाचा वाटा, हॉटेलातलं खाणं धरूनही, १४ टक्क्यांच्या आत-बाहेर असतो. उलट तिकडे निवाऱ्याचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त. शिवाय स्वतःच्या घरात राहणाऱ्यानं ते घर भाड्यानं घेतलं असतं तर किती भाडं पडलं असतं, असं मानीव भाडंही अमेरिकी निर्देशांकात धरतात. आपल्या या मालिकेत ग्रामीण निर्देशांकात घरभाड्याचा गटच नव्हता. शहरी भागातल्या घरांमुळे एकूण निर्देशांकात त्याचा वाटा १० टक्क्यांच्या आसपास येत होता.

याचा परिणाम काय? पाऊस लांबला, टोमॅटो-कांदा महागला की भारताचा आकडा उडी मारतो. अमेरिकेचा आकडा घरभाडं, गाड्या आणि पेट्रोलवर जास्त हलतो. तिकडेही किराण्याचे धक्के बसतातच. मार्च २०२५ मध्ये तिथे डझनभर अंड्यांची सरासरी किंमत ६.२३ डॉलर होती. ताईनं तेव्हा अंड्यांच्या रिकाम्या फळ्यांचा फोटो पाठवला होता. पण अंडी तिथल्या टोपलीत इतकी लहान जागा व्यापतात की एकूण आकडा फारसा हलला नाही.

म्हणून "भारत १.५५, अमेरिका २.७" ही तुलना चुकीची नाही, अपुरी आहे. ती दोन वेगळ्या टोपल्यांचे वेग सांगते.

३. आपला १४५, त्यांचा ३२२. मग तिकडे दुप्पट महागाई?

हा सापळा व्हॉट्सअॅपवर वारंवार दिसतो. आपल्याकडे औद्योगिक कामगारांसाठी वेगळा निर्देशांक आहे. केंद्राचा श्रम ब्युरो ८८ औद्योगिक केंद्रांतल्या किमतींवरून तो काढतो. रसायनी त्यात स्वतंत्र केंद्र नाही. मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर अशी शहरं आहेत. जून २०२५ मध्ये हा निर्देशांक १४५.० होता. त्याच महिन्यात अमेरिकेचा शहरी ग्राहकांचा निर्देशांक होता सुमारे ३२२.६.

पण आपल्या आकड्यात २०१६ म्हणजे १००, तर अमेरिकेच्या आकड्यात १९८२ ते ८४ ची सरासरी म्हणजे १००. एकानं पनवेलपासून किलोमीटर मोजले, दुसऱ्यानं दिल्लीपासून. दोन्ही आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. आधी दोघांना एकाच ठिकाणी उभं करावं लागतं.

रसायनीसाठी ते ठिकाण सापडतं १९६० मध्ये. ज्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्समुळे या गावाची ओळख झाली, ती कंपनी डिसेंबर १९६० मध्ये स्थापन झाली. (२०१७ मध्ये केंद्र सरकारनं तिचा इथला बहुतेक कारभार बंद करण्याचा निर्णय घेतला.) आणि औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाची एक जुनी मालिकाही १९६० = १०० अशीच आहे. म्हणजे कंपनी आणि मोजपट्टी, दोघांचं वर्ष एकच.

त्यानंतर आधारवर्ष १९८२, २००१ आणि २०१६ असं बदललं. प्रत्येक वेळी नवी मालिका जुनीला जोडायला एक गुणक दिला गेला: ४.९३, ४.६३ आणि २.८८. आता उलटं चालत जाऊ.

१४५ × २.८८ × ४.६३ × ४.९३ = सुमारे ९,५३०

म्हणजे १९६० मध्ये कामगाराच्या ज्या खर्चाला १०० रुपये लागत, त्याला आज साडेनऊ हजार लागतात. ९५ पट. अमेरिकेचा निर्देशांक १९६० मध्ये २९.६ होता, तिथून ३२२.६ म्हणजे सुमारे ११ पट.

९५ आणि ११ ऐकून धक्का बसतो. पण ६५ वर्षांवर पसरलं की भारताचा सरासरी वार्षिक दर येतो सव्वासात टक्क्यांच्या आसपास आणि अमेरिकेचा पावणेचार टक्क्यांच्या आसपास. फरक फक्त साडेतीन टक्के. चक्रवाढीनं तोच फरक इतका मोठा झाला. मुदत ठेवीत चक्रवाढ आपल्या बाजूनं काम करते, महागाईत विरुद्ध बाजूनं.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. ६५ वर्षांत टोपलीही बदलली. १९६० च्या टोपलीत मोबाइल रिचार्ज नव्हतं. त्यामुळे ९५ पट हा आकडा ढोबळ दिशा दाखवतो, पैशापैशाचा हिशेब नाही.

४. कुठून मोजायचं, हे कोण ठरवतं?

जो आकडा मांडतो तो. आणि तिथेच सावध राहायला हवं.

१९७४ घ्या. त्या वर्षी भारतात किमती २८ टक्क्यांहून जास्त वाढल्या, अमेरिकेत ११ टक्के. १९७६ घ्या, तर भारतात किमती चक्क साडेसात टक्क्यांहून जास्त उतरल्या. १९८० मध्ये अमेरिकेचा दर १३.५ टक्के होता, भारताचा सव्वाअकराच्या आसपास. जून २०२२ मध्ये अमेरिकेत ९.१ टक्के, चार दशकांतला उच्चांक. त्याच महिन्यात भारतात ७.०१ टक्के. म्हणजे "अमेरिकेत आपल्यापेक्षा जास्त महागाई" ही काही २०२५ ची नवलाई नाही.

एका महिन्याचा किंवा वर्षाचा आकडा निवडून दोन्ही बाजूंनी भाषण ठोकता येतं. म्हणून तुलना करताना किमान दहा वर्षांचा पल्ला घ्यावा आणि सुरुवातीचं वर्ष आपल्या प्रश्नावरून ठरवावं, सोयीनुसार नाही. काकांचा प्रश्न २०१४ पासूनचा आहे. म्हणून आपणही तिथूनच मोजू.

सप्टेंबर २०१४ मध्ये औद्योगिक कामगारांचा निर्देशांक जुन्या मालिकेत २५३ होता. २.८८ नं भागल्यावर नव्या मालिकेत सुमारे ८७.८. तिथून १४५ म्हणजे ६५ टक्के वाढ. याच काळात अमेरिकेचा निर्देशांक २३८ वरून ३२२.६ वर गेला. वाढ साडेपस्तीस टक्के. वर्षाला सरासरी भारतात पावणेपाचच्या आसपास, अमेरिकेत पावणेतीनच्या वर. फरक दोन टक्क्यांहून थोडा कमी. ६५ वर्षांच्या हिशेबात तो साडेतीन होता, म्हणजे दरी कमी झाली आहे.

५. पण रुपया घसरतो, त्यात महागाई येतेच ना?

ताईचा हाच मुद्दा होता. "बाबा, मी पाठवायला लागले तेव्हा डॉलर ६१ रुपयांना होता, आता ८६ आहे. म्हणजे तुम्हाला आपोआप वाढ मिळतेच की."

अर्धं खरं आहे. एका देशात महागाई जास्त असेल तर त्याचं चलन दीर्घकाळात स्वस्त होतं, हे अर्थशास्त्रातलं जुनं सूत्र. पण ते काट्यावर चालत नाही. १९६० मध्ये डॉलर ४ रुपये ७६ पैशांना होता. फक्त महागाईतल्या फरकानं रुपया घसरला असता तर जून २०२५ मध्ये डॉलर ४२ रुपयांच्या आसपास असायला हवा होता. होता ८६. कारण १९६० चा दर बाजारानं नव्हे, सरकारनं ठरवलेला होता. जून १९६६ मध्ये तो एका फटक्यात साडेसात रुपये झाला, जुलै १९९१ मध्ये पुन्हा अवमूल्यन झालं, आणि तेल आयात, भांडवलाची ये-जा, व्याजदर हे सगळे विनिमय दर हलवत राहतात.

आणि दर वेगळा, पातळी वेगळी. अमेरिकेत एका डॉलरला मिळणारा माल आणि सेवा भारतात साधारण २० रुपयांच्या आसपास मिळतात, असं क्रयशक्तीच्या आंतरराष्ट्रीय तुलनेतून दिसतं. म्हणूनच ८६ रुपयांचा डॉलर मोहोपाड्यात न्यू जर्सीपेक्षा कितीतरी जास्त काम करतो. "तिकडे महागाई किती" आणि "तिकडे महाग किती" हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत.

६. २०० डॉलरचा हिशेब

आता काकांच्या ओसरीवर बसून आम्ही केलेला हिशेब. जुन्या पासबुकाच्या मागच्या पानावर.

• सप्टेंबर २०१४: २०० डॉलर × ६१ = १२,२०० रुपये.

• जून २०२५: २०० डॉलर × ८६ = १७,२०० रुपये. वाढ ४१ टक्के.

• तीच खरेदी करायला आज लागणारी रक्कम: १२,२०० × १.६५ = सुमारे २०,१०० रुपये.

• तूट: महिन्याला सुमारे २,९०० रुपये. डॉलरमध्ये ३४.

म्हणजे रुपया घसरल्यामुळे भरपाई झाली, पण पूर्ण नाही. काकांची पिशवी खरोखरच हलकी झाली होती. बातमीतला दीड टक्काही खरा होता आणि काकांची तक्रारही.

मग मी तोच हिशेब ताईच्या बाजूनं मांडला. २०१४ चे २०० डॉलर आज अमेरिकेतल्या भावानं २७१ डॉलरइतके होतात. उलट पाहिलं तर, आज पाठवलेले २०० डॉलर तिच्यासाठी २०१४ च्या १४८ डॉलरइतकेच आहेत. म्हणजे तिनं काही कमी केलं नसतानाही, तिच्या बाजूनं ही रक्कम हलकी होत गेली. दोघांनाही ते जाणवलं नाही, कारण आकडा तोच होता.

ताई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी दरवर्षी पगारवाढ मागते तेव्हा बॉसला महागाईचा आकडा दाखवते. इथे मात्र कधी पाहिलाच नाही." काका लगेच म्हणाले, "अगं राहू दे, तुझं घरभाडंही वाढलंय." तेही खरंच होतं.

७. खरा फरक: कोणाचं उत्पन्न निर्देशांकाबरोबर चालतं?

दोन देशांचे दर शेजारी ठेवण्यापेक्षा हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

केंद्रीय कर्मचारी आणि त्यांचे पेन्शनर यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाच्या १२ महिन्यांच्या सरासरीवर ठरतो. जानेवारी २०२५ मध्ये तो ५५ टक्के होता. केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांत औद्योगिक महागाई भत्ता दर तिमाहीला बदलतो. म्हणजे नोकरीत असताना कामगाराला निर्देशांकाची छत्री असते.

अमेरिकेत निवृत्तांच्या सोशल सिक्युरिटी पेन्शनमध्ये १९७५ पासून दरवर्षी निर्देशांकानुसार आपोआप वाढ होते. २०२३ मध्ये ती ८.७ टक्के होती, २०२५ साठी २.५ टक्के. २०१४ मध्ये तिथे १,००० डॉलर पेन्शन असणाऱ्याला या वाढी धरून २०२५ मध्ये सुमारे १,३४० डॉलर मिळतात. किमती वाढल्या साडेपस्तीस टक्के, पेन्शन वाढली ३४ टक्के. जवळपास बरोबरी.

आपल्याकडे खासगी कारखान्यांतल्या कामगारांचा आधार म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना १९९५, लोकांच्या तोंडी ईपीएस. तिच्या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये, आणि आजही तेवढीच. आपल्याच निर्देशांकानं मोजलं तर त्या हजाराची खरेदीशक्ती आता ६०६ रुपयांची आहे. तोल राखायचा तर ती १,६५० हवी होती.

काकांची पेन्शन २,२०० रुपये. ठरली त्या दिवसापासून एक रुपयाही हललेली नाही. २०१४ च्या भावानं ती आज सुमारे १,३३० रुपये उरली आहे.

म्हणून देशाचा दर दीड टक्का असो की पावणेतीन, ज्याचं उत्पन्न गोठलेलं आहे त्याच्यासाठी दरवर्षीची थोडी थोडी वाढही साचत जाते. भारतात ११ वर्षांत साचलेली वाढ ६५ टक्के आहे, आणि तिच्यापुढे काकांची पेन्शन जागच्या जागी उभी आहे.

८. तुमच्या घरचा हिशेब कसा कराल?

• ज्या महिन्यात रक्कम ठरली, त्या महिन्याचा औद्योगिक कामगार निर्देशांक श्रम ब्युरोच्या संकेतस्थळावर पाहा. तो सप्टेंबर २०२० च्या आधीचा असेल तर २.८८ नं भागा.

• आजच्या निर्देशांकाला त्या आकड्यानं भागा. येईल तो तुमचा गुणक.

• जुनी रक्कम × गुणक = आज लागणारी रक्कम. ठेवीचं व्याज, घरभाडं, परदेशातून येणारे पैसे, सगळ्याला हेच सूत्र.

• परदेशातल्या माणसाची बाजू पाहायची तर त्याच्या देशाच्या निर्देशांकानं तसाच दुसरा गुणक काढा. दोन्ही गुणक शेजारी ठेवा, मग बोला.

• औषधांचा खर्च मोठा असेल तर सरासरी टोपली तुमची नाही. वर्षातून एकदा स्वतःच्या बिलांची बेरीज करून पाहा.

त्या रात्री फोन ठेवण्याआधी ताई म्हणाली, "बाबा, पुढच्या महिन्यापासून २३५ पाठवते. आणि दर ऑगस्टला ही हिला बोलावून हिशेब करायचा." काकांनी "बघू" म्हणत पासबुक मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना पाहिलं, तर ओसरीतल्या कॅलेंडरवर पुढच्या वर्षाच्या ऑगस्टसाठी जागा नव्हती, म्हणून त्यांनी डिसेंबरच्या पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं: १४५.